सतरा नंबरचा खुलासा

हत्ती आले आणि सगळं थांबलं. अंबुजाक्षीच्या नाकावर डोळे तपासायची जड चौकट होती, डाव्या डोळ्यावर काळी चकती, उजव्यावर एकावर एक तीन भिंगं, आणि समोरच्या पाटीवरची शेवटून दुसरी ओळ नुकती कुठे वाचता येऊ लागली होती. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "आता दहा मिनिटं काही खरं नाही मॅडम," आणि हातातलं भिंग तसंच टेबलावर टाकून दाराशी जाऊन उभा राहिला. सय्याजीराव रस्त्यावरच्या गाड्या पोलिसांनी शिट्ट्या मारमारून कडेला दामटल्या होत्या. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. पाठीवर वाळूची पोती घेऊन हत्तींची तालीम रोज सकाळी याच रस्त्याने जायची आणि या रस्त्यावरचे दुकानदार रोज तोच वैताग नव्याने करायचे. आतल्या अंधाऱ्या खोलीत एकटीने बसून काय करायचं, म्हणून तीही चौकट न काढताच उठली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. एका डोळ्याने आणि तीन भिंगांतून हत्ती नीट दिसत नव्हते. नुसता राखाडी रंग हलत होता आणि घंटा वाजत होती.

"हौस बघा लोकांची," दुकानदार म्हणाला. पंचेचाळिशी ओलांडलेला, कानशिलावर पांढरा झालेला, शर्टाच्या खिशात चार पेनं लावलेला माणूस. "तालमीलासुद्धा पोरं खांद्यावर घेऊन येतात. माझ्या मुलीला मी आजवर एकदाही दसऱ्याला आणलेलं नाही. हक्काची खिडकी आहे वरची, तरी नाही. बायको बोलबोल बोलते. बोलू दे."

"का हो?" तिने विचारलं, आपलं विचारायचं म्हणून.

"मी हरवलो होतो ना इथे. पाच वर्षांचा होतो. थोरल्या भावाने, अण्णाने, हात धरला होता. बँड वाजायला लागला, गर्दी एकदम पुढे सरली आणि अण्णाचा हात सुटला. मी रडलो नाही हं. एका चुरमुरेवाल्याने मला उचलून त्याच्या पोत्यावर बसवलं आणि म्हणाला, इथून हलू नकोस, तुझी माणसं तुला शोधत इथेच येतील."

अंबुजाक्षीने एकदम त्याच्याकडे वळून पाहिलं. ऐकलेली गोष्ट पुन्हा कानावर आली की माणूस म्हणतो, हे कुठेतरी ऐकलंय. हिला तसं म्हणायचीही सोय नव्हती. शेवटचं वाक्य तिचं होतं. 'मी रडलो नाही' हेही तिचंच. वसतिगृहाच्या खोलीत, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र सरकवून, तिने ते एका बैठकीत लिहिलं होतं. आधी चुरमुरेवाला नव्हता, फुगेवाला होता. मग वाटलं, फुगेवाला फार गोड होतोय, कुणाला खरा वाटायचा नाही. चुरमुऱ्याचं पोतं सुचलं तेव्हा ती स्वतःवरच खूश होऊन खाली कॉफी प्यायला गेली होती. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. पीएचडीचा दुसरा प्रयोग. चोवीस विद्यार्थी, प्रत्येकाच्या थोरल्या भावाकडून किंवा बहिणीकडून लहानपणचे तीन खरे प्रसंग गोळा करायचे आणि त्यांत चौथा, बनवलेला, दसऱ्याच्या गर्दीत हरवल्याचा, बेमालूम घालून द्यायचा. तीन आठवड्यांत तीन बैठका. चोवीसपैकी सहाजणांना न घडलेलं आठवू लागलं. त्या सहांत सगळ्यांत सरस सतरा नंबर, मादेश, बी.एस्सी.चा मुलगा. दुकानावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते तिने येताना वाचलंच नव्हतं, डोळ्यांचीच तर तक्रार होती. आता तिने चौकटीखालून डोळा बारीक करून भिंतीवरच्या परवान्यावरचं नाव वाचलं आणि ते तेच होतं.

"पोतं कोमट होतं," तो हत्तींकडे बघत सांगत होता. "नुकतेच भाजलेले असणार चुरमुरे. चड्डीतून चटका नाही, पण ऊब लागत होती. गंमत बघा, आईचा चेहरा आठवायला आता फोटो लागतो आणि ती ऊब मात्र आहे तशी आहे."

हे तिने लिहिलेलं नव्हतं. "मग सापडले का अण्णा?" तिने विचारलं.

"दोन तासांनी. पोलीस चौकीत. पण तो विषय नको मॅडम." आणि विषय नको म्हणणारा माणूस जसा हमखास त्याच विषयावर येतो तसा तो आलाच. "एकोणीस वर्षं झाली, बोलत नाही मी त्याच्याशी. आई गेली तेव्हा मी हुबळीला होतो नोकरीला. शेवटच्या दोन दिवसांत याने मला कळवलं नाही. म्हणतो कसा, धावपळीत राहिलं. मी म्हटलं, तुझं काय नवीन आहे? लहानपणी गर्दीत हात सोडलास, आताही सोडलास. एवढं एकदा तरी म्हण की बाबा चुकलं. तर नाही! काय म्हणाला माहितीये? म्हणे, तू कधी हरवलाच नव्हतास, ते युनिव्हर्सिटीतल्या कुठल्याशा बाईने लिहून दिलं होतं." तो हसला, पण हसण्यात गंमत नव्हती. "आता सांगा. स्वतःची लाज झाकायला कुठल्या तरी परक्या बाईवर ढकलायचं? आम्ही गेलो होतो खरे युनिव्हर्सिटीत, कॉलेजात असताना, कसलीशी पाहणी होती. चहा आणि खारा बन मिळायचा. मीच तिथे ही गोष्ट सांगितली होती. तेवढंच धरून बसला. चला, गेले हत्ती. बसा, उजवा डोळा अर्धाच राहिलाय."

ती बसली. अक्षरं वाचली. कुठली फ्रेम ते नंतर सांगते म्हणाली. उठताना त्याने सहज, पावती फाडता फाडता सांगितलं की अण्णाच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, वहिनीचा फोन येतो, एकदा येऊन जा म्हणून. "जाणार नाही. आधी त्याने म्हणावं. अलीकडे तो ती बाईची थापही मारत नाही म्हणे, गप्पच असतो. पण चुकलं म्हणत नाही. तो म्हणेपर्यंत जाणार नाही." आणि तो खरंच जाणार नव्हता, हे त्याच्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं.

रिक्षात बसल्यावर तिला जरा श्वास आला, कारण तिला आठवलं की आपण त्याला सांगितलेलं आहे. सांगितलं नाही असं होईलच कसं? हा प्रयोगच असा असतो की शेवटी खुलासा करावा लागतो: बाबा रे, चारांतला हा एक प्रसंग आम्ही बनवलेला होता, तुझ्या भावाला विचार. त्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही, रात्री झोप लागत नाही. तिला ती दुपार स्पष्ट दिसत होती. विभागातली मागची खोली, वरचा पंखा एका पात्याला वाकडा, त्याची कटकट. मादेश पांढऱ्या शर्टात, बाह्या दुमडलेल्या. आणि खुलासा ऐकल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि खदखदून हसला. "अय्यो, बिचारा अण्णा! आता मला जाऊन त्याचे पाय धरावे लागतील!" अठ्ठावीस वर्षं प्रत्येक वर्गाला तिने हे सांगितलं होतं आणि प्रत्येक वर्ग हसला होता. म्हणजे सांगितलं होतं; तो विसरला. असं होतं. खुलासा पुसला जातो आणि खोटा प्रसंग उरतो, यावर तर तिचाच एक लेख होता. तिने मनातल्या मनात त्या लेखातला तक्तासुद्धा आठवून पाहिला. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, गेट आलं, उतरायचंय ना?" तर ती तशीच बसलेली. माणूस मरायला टेकलाय आणि आपण तक्ते आठवतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा तास होता, आणि नशीब असं की स्मृतीचाच. निवृत्तीला दोन महिने उरलेले, हे प्रकरण शिकवायचा हा शेवटचा वर्ग. नेहमीप्रमाणे तिने शब्द वाचून दाखवले, संथ, एकेक: गादी, उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न, दिवा मालवणं, घोरणं, कूस. मग विचारलं, यादीत 'झोप' शब्द किती जणांनी ऐकला? चाळीसांतले सव्वीस हात वर. एक मुलगी तर भांडायलाच उठली, "मॅडम, तुम्ही म्हणालात! उशीनंतर म्हणालात. मी ऐकलं तुमच्या आवाजात." वर्ग हसला. "माझ्या आवाजात?" "हो, तुमच्याच." मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, सतरा नंबर!" वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना सांगून ठेवतात, सिनेमाची गोष्ट सांगावी तशी. तिने सांगायला सुरुवात केली. बँड, गर्दी, सुटलेला हात, पोतं. सवयीने शब्द आपोआप येत होते आणि ती त्यांच्या मागून भीत भीत चालली होती. हसण्यापाशी आली आणि थांबली. तो हसला तेव्हा दात कसे होते? काल दुकानात तिने त्याला जवळून पाहिलं होतं. पुढच्या दोन दातांत ठळक फट, पाहिली की विसरणार नाही अशी. पंख्याखालच्या त्या हसणाऱ्या मुलाला फट नव्हती. हसणाऱ्याला तोंडच नव्हतं. नुसतं हसू ऐकू येत होतं, आणि तेही, आता कान देऊन ऐकलं तर, मुलाचं नव्हतं. "मग काय झालं मॅडम?" पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारलं. "मग," ती म्हणाली, "पुढचं पुढच्या तासाला." निवृत्त होणाऱ्या बाईंना गहिवरून आलं असं समजून मुलं गप्प बसली, हे तिला जास्तच लागलं.

विभागाच्या मागच्या खोलीत चंदना, तिची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, जुन्या प्रयोगांचे कागद स्कॅन करत बसली होती. बाईंच्या गौरवाचा भाग म्हणून सगळी जुनी सामग्री सर्वांसाठी खुली करायची ठरली होती, कल्पना बाईंचीच. "चौदापर्यंत झालं मॅडम. आज पंधरापासून."

"सतरा दे."

"क्रमाने घेऊ ना, नाहीतर—"

"दे म्हटलं ना."

चंदनाने मुकाट्याने पिवळं पाकीट पुढे केलं. प्रत्येक पाकिटात चार कागद असायचे: भावाची मुलाखत, चार प्रसंग, बैठकांच्या नोंदी आणि खुलाशाचा कागद, खाली दोघांच्या सह्या. अंबुजाक्षीने पहिला काढला. सिद्दराजू, वय सव्वीस, रेशीम कारखान्यात कामाला. प्रश्न: धाकटा भाऊ लहानपणी कधी गर्दीत हरवला होता का? उत्तर: कधीच नाही, मी त्याला नजरेआड होऊ देत नसे. खाली तिच्याच अक्षरात: 'खुलासा होईपर्यंत काही न सांगण्याचे कबूल केले आहे.' चौथा कागद तिने उलटा धरून बाहेर काढला आणि मग सुलटा केला. कोरा होता. तारखेची जागा कोरी, सह्यांच्या जागा कोऱ्या. टाचणीने लावलेली एक चिठ्ठी, टाचणी गंजून तिच्याभोवती तांबूस डाग पडलेला: 'आला नाही. परीक्षा संपवून गावी गेला. पत्र पाठवणे.' पत्राची नक्कल नव्हती. पत्र पाठवलं असतं तर नक्कल असती. त्या काळी ती कपडे धोब्याला दिले तरी नक्कल ठेवायची. मग तिने बाकीची पाकिटं उपसायला घेतली. अकरा नंबरात सापडलं. नागरत्ना, बी.ए., दुसरं वर्ष. खुलाशाच्या कागदावर, बोललेलं जसंच्या तसं: 'अय्यो, बिचारा अण्णा! आता मला जाऊन त्याचे पाय धरावे लागतील.' आणि कंसात: 'खूप हसली.'

हसली. मुलगी होती. तिला ती नागरत्ना मुळीच आठवत नव्हती, एक वेणीसुद्धा नाही. कागद हातात असताना, अक्षर स्वतःचं असताना, डोळे मिटले की पंख्याखाली मादेशच बसलेला दिसत होता, बाह्या दुमडलेला, कपाळावर हात मारून घेणारा. ती डोळे उघडायची, कागद वाचायची, मिटायची, तो होताच. आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं ते अंगावर आलं की असं होतं तर.

"मॅडम," चंदना हळू म्हणाली. ती मागून वाचत होती. "लेखात तर आहे की सगळ्यांना खुलासा केला."

"आहे."

"म्हणजे तुम्ही तोंडी केला असेल. सही घ्यायची राहिली असेल. तसं लिहून टाकूया का?" पोरगी मनाने चांगली, बाईंना वाचवायला बघत होती. आणि एक क्षण, खोटं कशाला बोला, चांगली दोन-तीन मिनिटं अंबुजाक्षीने त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. सही अजून तशीच यायची. कोरा कागद पाकिटात राहिला काय, न राहिला काय, विचारणार कोण? गौरवाच्या पत्रिका छापायला गेल्या होत्या. आणि तो लेख तर देशोदेशीच्या पुस्तकांत गेलेला, तिचं नाव जे काही होतं ते त्याच्यावर उभं. मग तिला सतरा नंबरचा तो थोरला भाऊ दिसला, ज्याला तिने एकदाच पाहिलं होतं, रेशमाच्या कारखान्याचा वास अंगाला असलेला, टोपी हातात धरून 'कबूल' म्हणणारा. हात कुणाचा सुटला हे लिहिताना तिने फार विचार केला नव्हता. पोर हरवायचं तर कुणाचा तरी हात सुटायला हवा; आणि मुलाखत देणारा थोरला भाऊ समोर होताच, त्याला सगळं माहीत असणार, मग त्याचं नाव घालायला हरकत काय, असा सोपा हिशेब. चोवीसच्या चोवीस कागदांवर तिने जो मदतीला आला त्याच्याच माथी दोष मारला होता, आणि तिच्या गाइडने शाबास म्हटलं होतं.

"स्कॅन कर," ती म्हणाली. "चिठ्ठीसकट. आणि पहिले दोन कागद मला दे, उद्या आणून देते."

दुकानात ती दुपारी गेली. मादेश डबा खाऊन हात पुसत होता. "या मॅडम, फ्रेम बघायची ना?" तिने पर्स काउंटरवर ठेवली आणि घरून पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं, "मादेश, अण्णा ज्या बाईबद्दल सांगत होते ती बाई मी आहे. तुम्ही कधी हरवला नव्हता. ते मी लिहिलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहून गेलं."

तो आधी हसला. मग हसू तोंडावर तसंच ठेवून त्याने विचारलं, "अण्णाने पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. मी त्यांना अठ्ठावीस वर्षांत पाहिलेलं नाही."

"वहिनीने पाठवलं असेल. काय हो हे! एवढं करण्यापेक्षा एक शब्द बोलायला काय होतं त्याला? 'चुकलं.' तीन अक्षरांनी जीव जातो का?" आवाज चढला तसा शेजारचा मोबाइलवाला डोकावून गेला. तिने कागद पुढे सरकवला. मादेशने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि वाचला. बँड. गर्दी. पोतं. इथून हलू नकोस. "हे मीच सांगितलेलं आहे," तो म्हणाला. "तुम्ही लिहून घेतलंत."

"तारीख बघा. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या चार दिवस आधीची आहे. आणि हा अण्णांचा. नजरेआड होऊ देत नसे, म्हणालेत बघा."

तो स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, भिंगं तपासावीत तसे, उजेडाकडे. मग अगदी वेगळ्या, पोराच्या आवाजात म्हणाला, "मग पोतं कोमट कसं होतं?"

"ते तुमचं. ते मी लिहिलेलं नाही."

"म्हणजे तेवढं खरं?"

"नाही मादेश."

"तुम्हाला काय माहीत?" तो म्हणाला, आणि मग लगेच, भांडण सोडून, खरंच विचारावं तसं, "असं होतं? माणसाला शंभर टक्के दिसतं आणि ते नसतं, असं होतं?" तिने त्याला पंख्याखालच्या मुलाबद्दल सांगितलं. तोच तो मुलगा, हे सांगितलं. अजून दिसतोय, हेही. तो ऐकत राहिला, दातांतल्या फटीत जीभ घालून, आणि पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे माणूस म्हणून पाहिलं. "छान केलंत मॅडम," तो शेवटी म्हणाला. "एकोणीस वर्षं गेली माझी. आणि त्याची." तिने मान खाली घातली. "रविवारी जातो," तो म्हणाला. "तुम्हीही चला. त्याच्या तोंडावर सांगा, माझ्यासमोर. मला एकट्याला धीर नाही व्हायचा."

रविवारी नंजनगूड रस्त्याने जाताना मादेश गाडी फार सावकाश चालवत होता. मागच्या सीटवर सफरचंदांची पिशवी होती आणि ती डायलिसिसवाल्याला चालतात की नाही हे त्याने तिला दोनदा विचारलं, तेवढंच. अंबुजाक्षीने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. आत कागद. एक वाक्य बोलायचं, एवढंच काम: सिद्दराजू, तुम्ही खरं बोलत होता, दोष माझा. अठ्ठावीस वर्षं उशिरा का होईना, एका माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. एवढ्यासाठी लेख गेला तर गेला, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती.

घर गावाच्या तोंडाशीच. वहिनी, शिवम्मा, दारात उभीच होती. दिराला बघून तिने पदर तोंडाला लावला आणि बाजूला झाली. सिद्दराजू खाटेवर उशाला टेकून बसला होता. चोपन्नाचा माणूस सत्तरीचा दिसत होता, अंग काळवंडलेलं, पाय सुजलेले, डाव्या हाताला पट्टी. मादेश उंबऱ्यातच थबकला. मग वाट तुडवत आल्यासारखा खोली ओलांडून गेला आणि खाटेच्या कडेला बसला. अंबुजाक्षी पुढे झाली, पर्स उघडली, "सिद्दराजू, मी अंबुजाक्षी. युनिव्हर्सिटीतली," एवढंच म्हणाली, तोच मादेश बोलला. गाडीत तासभर त्याने काय काय जुळवलं असेल ते असो. भावाचा सुजलेला पाय बघून ते सगळं गेलं आणि जे आत होतं तेच बाहेर आलं.

"अण्णा, जाऊ दे. झालं ते झालं. मी माफ केलं तुला. हात सुटतो माणसाचा. गर्दीच तेवढी होती."

अंबुजाक्षी म्हणाली, "मादेश, नाही—" पण सिद्दराजूने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"सुटला रे," तो म्हणाला. "माझ्याच हातून सुटला."

"अण्णा!"

"एक बाई मध्ये आली, कडेवर मूल घेतलेली. तिला वाट द्यावी म्हणून मी हात जरासा ढिला केला. जरासाच. तुझ्या बोटात तांब्याची अंगठी होती, आईने घातलेली. ती माझ्या मुठीत राहिली आणि तू गेलास."

"अंगठी!" मादेशने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "हो, अंगठी! सैल व्हायची, दोरा गुंडाळलेला होता तिला!" आणि तो हमसून हमसून रडायला लागला. तीन आठवडे आणि तीन बैठका अंबुजाक्षीला लागल्या होत्या. इथे एका श्वासात अंगठी बसली, दोऱ्यासकट. तिने सिद्दराजूच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. माणूस मुद्दाम खोटं बोलताना पापण्या, ओठ, आवाज यांचं काय होतं हे तिला नीट ठाऊक होतं. यातलं काहीच झालं नाही. भाऊ परत यावा म्हणून रचून बोलला असता तर ती त्याच्या पाया पडली असती. तो रचत नव्हता. तो बघत होता, भिंतीकडे, जसा मादेश हत्तींकडे बघत होता, जशी ती पंख्याकडे.

"सिद्दराजू," ती पुढे जाऊन जवळजवळ ओरडलीच, "असं काही घडलं नव्हतं. तुम्हीच मला सांगितलं होतं, मी लिहून घेतलंय, हे बघा, तुमचे शब्द आहेत. कधीच नाही, म्हणालात. नजरेआड होऊ देत नसे, म्हणालात. तुमचा काहीएक दोष नाही. माझा आहे."

सिद्दराजूने कागद हातात घेतला नाही. तो तिच्याकडे समजुतीने बघत होता, घरच्या भांडणात पडलेल्या भल्या शेजारणीकडे बघावं तसा. "ओळखलं मेडम तुम्हाला," तो म्हणाला. "तेव्हा मी नाही म्हणालो खरं. लाज वाटली असेल. मग यालाही वर्षानुवर्षं तेच सांगत राहिलो, तुमचं नाव पुढे करून. माफ करा. पण आठवड्यातून दोनदा चार-चार तास त्या खुर्चीत पडून असतो मी. सुई टोचली की दुसरं काही करता येत नाही. तिथे सगळं आठवलं मला, हळूहळू."

"ते आठवणं नव्हे हो. त्यांनी इतकी वर्षं सांगितलं म्हणून—"

"मेडम," तो म्हणाला, आवाजात राग नव्हता, "तुम्ही होतात का तिथे?"

मादेशनेही मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल झालेले, पण चेहरा कसा मोकळा. दुकानात तिचा कागद उजेडाकडे धरणारा माणूस आता त्यात कुठे नव्हता.

"नव्हते," अंबुजाक्षी म्हणाली.

"मग झालं तर."

ती कागद धरून तशीच उभी राहिली. शिवम्माने तिच्यासाठी खुर्ची सरकवली, कॉफीला हो की नाही विचारलं, आणि नवऱ्यासाठी दुपारच्या वाट्याचं पाणी छोट्या पेल्यात मोजून आणलं. सिद्दराजूने ते पट्टी बांधलेल्या डाव्या हाताने घेतलं, थोडं अंगावर सांडलं, पण उजवा हात त्याने भावाच्या हातातून काढून घेतला नाही.